माय म्हणायला वेळ लागतो

ती पहिल्यांदा माझ्या दारात आली तेव्हा सहा वर्षांची होती. एका हातात कापडी पिशवी, दुसरा हात संस्थेच्या बाईच्या हातात. आंगणात उभी राहून तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुमाले काय म्हणू?"

मी वरठीची अंगणवाडी सेविका. सारा जन्म लेकरांची नाकंतोंडं पुसण्यात गेलेली बाई. पण असं मला कोणत्याच लेकरानं कधी विचारलं नव्हतं. लेकरं विचारत नसतात हो, म्हणून टाकतात. कोणी बाई म्हणते, कोणी मावशी, एखादं घाईघाईत आईच म्हणून बसते आणि मग जीभ बाहेर काढते. ही मात्र बाजारात भाव विचारावा तशी विचारत होती. मला हसूच आलं.

"तुले वाटन ते म्हण," मी म्हणाले.

ती विचारात पडली आणि संस्थेच्या बाईकडे पाहू लागली. बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला, चहा घेतला आणि निघून गेली.

आमच्या घरचं सांगायचं तर तेव्हा घर अगदी सुनं झालं होतं. मुलगा शिकून पुण्याला नोकरीला लागला होता. नवरा स्टील प्लांटात, आज सकाळची पाळी तर पुढच्या हप्त्यात रात्रीची. मी अंगणवाडीतून घरी आले की भिंतींशी बोलायची पाळी. तेव्हा एका सोयीबद्दल कानावर आलं. ज्या लेकरांना सांभाळणारं घरी कोणी उरलं नाही, त्यांना संस्थेत ठेवण्याऐवजी एखाद्या घरात ठेवायचं. मूल तुमचं होत नाही, तुमच्याकडे राहतं. या पोरीची आई वारलेली. बाप कमवायला बाहेर गेला तो गेलाच, ना निरोप ना पत्ता. पण बाप जिता आहे म्हटल्यावर तिला दत्तकही घेता येत नव्हतं. संस्थेच्या बाईनं मला नीट सांगितलं होतं, "कायमचं समजू नका बरं." मी मोठ्या शहाणपणानं मान हलवली, समजलं म्हणाले. काय कप्पाळ समजलं होतं!

पहिले काही महिने तिनं मला काहीच म्हटलं नाही. हाक मारायची वेळ आली की जवळ येऊन पदर ओढायची. मी दूर असले तर खोकायची. खरंच, एवढीशी पोरगी म्हाताऱ्यासारखी खोकून मला बोलवायची. नवरा चिडवायचा, "जाय वं, तुले खोकला आला."

पहिल्या संध्याकाळचं मला अजून आठवते. आम्ही घरी रोज बुद्धवंदना घेतो. आम्ही हात जोडले तशी तीही येऊन उभी राहिली. तिनं डोळे मिटले आणि संस्थेत शिकवलेली प्रार्थना खडाखडा म्हणून टाकली. मग त्याला जोडून शुभंकरोती. ती बहुतेक तिच्या मेलेल्या आईकडची असावी. मग डोळे उघडून विचारलं, "अजून कोणती आहे का?" नवऱ्याला हसू आवरेना. मी त्याला कोपरानं ढोसलं. आमची वंदना तिनं मग हळूहळू उचलली. अर्थ काही समजत नव्हता, पण आवाज असा लावायची की शेजारीण भिंतीपलीकडून म्हणायची, आज तुमच्याकडं विहार भरला का काय!

आणि जय भीम! ते तर तिला इतकं आवडलं की काही विचारू नका. आमच्या घरावरून सकाळी प्लांटाकडे जाणाऱ्या सायकली, मोटारसायकली जातात. ही फाटकावर चढून बसायची आणि जाणाऱ्या एकेकाला हात जोडून जय भीम घालायची. कोणी उलट जय भीम म्हणायचं, कोणी राम राम म्हणायचं, कोणी नुसती घंटी वाजवायचं. स्टेशनावरच्या तिकीट देणाऱ्याला जय भीम, दूधवाल्याला जय भीम, दूधवाल्याच्या म्हशीलाही जय भीम. नवरा म्हणायचा, "इले सरपंचकीले उभी करा. एकही मत हुकत नाई."

पाहुण्यांना पाणी कसं द्यायचं तेही मी शिकवलं. तांब्या-पेला घेऊन जायचं, पेला पुढे करायचा, मग हात जोडून जय भीम म्हणायचं. ते ती इतक्या तोऱ्यात करायची की पाहुणे तहान नसताना पाणी प्यायचे.

वांग्याचं मात्र आमचं भांडण होतं. वांग्याची भाजी ताटात दिसली की पोरगी पेटायची. "मी नाई खात थे काळं काळं!" एकदा तर ताटच ढकललं, भाजी सारी कोंबड्यांना. मी ओरडले, तिनं दार आपटलं, घरापुढच्या सपरीत, ओसरीवर जाऊन पाठमोरी बसली आणि नवरा कामावरून येईपर्यंत हलली नाही. त्यानं बिस्किटाचा पुडा आणून मनधरणी केली तेव्हा कुठं घरात आली. मी त्याला बोलले, लाडावून ठेवून राहिले तुमी. पण खरं सांगते, मला मनातून लई बरं वाटलं होतं. संस्थेतून आलेली लेकरं रुसत नाहीत, हे मला बाईनंच सांगितलं होतं. ही रुसली म्हणजे तिला हे घर आपलं वाटायला लागलं, असा मी हिशेब केला आणि चार दिवस मिरवत फिरले.

माय म्हणाली ती दिवाळी जवळ आली तेव्हा. नवरा तिला सायकलच्या दांड्यावर बसवून बाजारातून आणत होता. घरापाशी वळताना तिचा पाय चाकात गेला. मी आंगण सारवत होते. "माय वं!" अशी किंकाळी आली आणि मी शेणाच्या हातानं धावले. टाच सोलून निघाली होती. तिनं माझ्या मानेला असा विळखा घातला की दोघींच्या अंगाला शेण. रडून रडून झाल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "ऐकलं का? मले माय म्हणाली."

"लागल्यावर सारेच म्हणतेत," तो म्हणाला. "मीबी म्हणतो."

"तुमी गप बसा. मलेच म्हणाली."

आम्ही यावर दोन दिवस वाद घातला. तिसऱ्या दिवशी ती पाटावर बसल्या बसल्या, तोंडात घास असताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "माय, पाणी दे ना." मी नवऱ्याकडे पाहिलं. तो ताटात बघत होता, पण त्याचेही डोळे भरले होते. मी पाणी दिलं.

आखाडात आलेली पोर, दिवाळीला माय म्हणाली. एवढा वेळ लागला.

दोन वर्षं कशी गेली ते मी सांगत बसत नाही. सुखाचं सांगायला लागलं की माझं मलाच सहन होत नाही. तिसऱ्या पावसाळ्यात संस्थेची बाई आली. बसली, पाणी प्यायली. पाणी माझ्या पोरीनंच दिलं, जय भीम म्हणून. मग बाई म्हणाली, मुलीची सख्खी आत्या सापडली, नाकाडोंगरीला. ती सांभाळायला तयार आहे.

"तयार आहे म्हणजे?" मी म्हणाले. "इतके दिवस कोठी होती ती?"

"त्यांना माहीतच नव्हतं. आणि ताई, रक्ताचं नातं असलं की पहिला हक्क त्यांचा असतो. मुलीसाठी तेच चांगलं असतं."

"पोरगी मले माय म्हणते."

"हो ना, कौतुक आहे तुमचं. पण तुम्ही जरा जास्त गुंतलात."

मला राग आला, असा राग आला की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "गुंतू नाई तर काय करू? लेकरू आहे का भाड्याची सायकल? फिरवली अन् दुकानात नेऊन उभी केली?"

बाई काही वाईट नव्हती. तीही कोणाच्या हुकमाचीच ताबेदार. नवऱ्यानं मला आत नेलं. म्हणाला, "आत्या आहे तिची. आपण कोण आहो?" मी त्याला म्हटलं, तुम्ही जा, तुम्हाला काही कळत नाही. पण त्याचं खरं होतं. आम्ही कोण होतो, ते सांगायला आमच्याजवळ शब्द नव्हता.

न्यायला आले त्या दिवशी तिनं खाटेचा पाय धरला. दोन्ही हातांनी, पायांनीसुद्धा. बाई समजावत होती, "शहाणी मुलगी ना तू? तिथं आत्या आहे तुझी. तिला आई म्हणायचं. त्या सांगतील तसं वागायचं. मग किनई सगळे तुझे लाड करतील." पोरगी ऐकत नव्हती. ती माझ्याकडे बघून ओरडत होती, "माय, मी वांगं खाईन! सारं खाईन! ताट नाई ढकलत! मले नको पाठवू!"

अरे देवा. वांग्यासाठी पाठवून राहिली माय, असं तिला वाटत होतं. मी तिच्या शेजारी खाली बसले आणि सांगत राहिले, नाही वं, वांग्यासाठी नाही, वांगं गेलं खड्ड्यात. तिनं काही ऐकलं असेल असं मला वाटत नाही. गाडी गेल्यावर खाट जागेवरून हातभर सरकलेली होती. ती मी तशीच राहू दिली.

नाकाडोंगरीला काय झालं ते मला चार महिन्यांनी कळलं. मी सवयीनं संस्थेत गेले होते, तिची खबर विचारायला, तर ती तिथंच! खिडकीतून मला दिसली, रांगेत जेवायला बसलेली. मी धावले तर मला थांबवलं, आधी आत या म्हणाले. आत बाईनं सारं सांगितलं.

आत्याचे सासरचे लोक जुने शेतकरी, हिंदू. घर चांगलं, खाऊनपिऊन सुखी. आत्यानं पोरीला चांगलंच ठेवलं होतं, नवीन फ्रॉकही घेतले. त्या घरी एका दिवशी आत्याच्या दिराच्या सोयरिकीसाठी पाहुणे आले. बैठकीत बसले. आत्या स्वयंपाकात. माझ्या पोरीनं पाहिलं, घरी पाहुणे आले, पाणी कोणी दिलं नाही. तिनं आपणहून तांब्या-पेला घेतला. पाहुण्यांपुढे पेला धरला, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "जय भीम!"

पाहुण्यानं तोंडाकडे नेलेला पेला खाली ठेवला.

"ही कोणाची पोरगी?" त्यानं विचारलं. आत्या बाहेर येऊन शपथा घेऊ लागली, आमच्याच घरची आहे हो, माझ्या भावाची आहे. पण पाहुणे उठले. सोयरीक मोडली. सासूनं आकांत मांडला, पोट्टीनं घराचं नाव घालवलं, कुठं कुठं राहून आली, काय काय खाऊन आली. आत्यानं काही दिवस रेटलं. मग तिनंच संस्थेला फोन केला.

हे ऐकून मी कशी बसून राहिले, माझं मला माहीत. माझ्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली होती. तो सांगायचा, त्या दिवसापासून मी वाकून चालणं सोडलं. जय भीम म्हटलं की माझी मान आपोआप वर होते. तोच शब्द मी माझ्या लेकराला दिला, दुसरं काय देणार होते? आणि त्याच शब्दापायी तिला घराबाहेर काढलं. मला त्या पाहुण्याचा इतका संताप आला, त्या खाली ठेवलेल्या पेल्याचा इतका संताप आला, की मी खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेले. आठ वर्षांच्या पोरीच्या हातचं पाणी होतं ते! घशाखाली उतरलं असतं तर काय मेला असता?

"द्या मले परत," मी म्हणाले. "आजच नेते."

बाई म्हणाली, तसं होत नाही. वरच्या लोकांचं म्हणणं, पुन्हा त्याच घरी दिलं आणि पुन्हा हलवावं लागलं तर मुलीला जास्त त्रास. शिवाय आता तिच्या समाजाचंच घर पाहायचं ठरलं आहे, म्हणजे पुन्हा असा प्रकार नको. सानगडीचं एक शेतकरी जोडपं आहे, मूलबाळ नाही, माणसं देवासारखी.

मी भांडले. हात जोडले. नवऱ्याला घेऊन पुन्हा गेले. ज्या ज्या साहेबापुढे उभं राहता येईल त्याच्यापुढे उभी राहिले. सगळे चांगलं बोलले. चहा पाजला. पोरगी सानगडीला गेली.

मला भेटायला मनाई होती, म्हणजे तिला जुनं आठवू नये म्हणून. पण दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. एकेका गावाची एकेक पाळी. दुकानं लागतात, पाळणे येतात, सारे सोयरेधायरे जमतात. पुढच्या वर्षी मंडईच्या दिवसांत नवरा म्हणाला, "मंडईले कोणी कोणाले अडवते का?" आम्ही मोटारसायकल काढली आणि सानगडीच्या मंडईला गेलो.

ती मला जिलबीच्या दुकानापाशी दिसली. उंच झाली होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, हातात कागदावर जिलबी. शेजारी एक वयस्क बाई, नऊवारी नेसलेली, पोरीच्या ओठाला लागलेला पाक पदरानं पुसत होती. मी पुढे झाले. पोरीनं मला पाहिलं. ओळखलं, डोळ्यांतच दिसलं. पण माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी आधी काय म्हणते ते पाहत.

माझ्या ओठांवर जय भीम आलं होतं. मी गिळलं. भोवती सारं तिच्या नव्या गावचं माणूस, आणि मला भीती वाटली. साऱ्या जन्मात पहिल्यांदा मी तो शब्द गिळला. "कशी आहे वं?" एवढंच म्हणाले.

"चांगली आहो," ती म्हणाली. मग त्या बाईकडे वळून, "आई, ह्या वरठीच्या काकू."

काकू. बरं, काकू तर काकू. त्या बाईनं मला हाताला धरून घरी नेलं. घर तलावाच्या पाळीला लागून, मागे धानाच्या बांध्या, खाचरंच खाचरं. उकडलेले शिंगाडे दिले, बसायला सतरंजी टाकली. म्हणाली, "तुमीच हिले इतकं चांगलं वळण लावलं. कवाच काही मागत नाई. जे वाढलं ते खाते." ती मायेनं सांगत होती. पोरगी तोवर आम्हाला पाणी घेऊन आली. पेला पुढे केला आणि खाली बघत उभी राहिली. हात जोडले नाहीत, तोंडातून शब्द नाही.

परत येताना मी नवऱ्याच्या पाठीला डोकं टेकवून रडले. तो मोटारसायकल चालवत म्हणाला, "काहून रडून राहिली? चांगलं घर भेटलं तिले." मी म्हणाले, "म्हणूनच." आणि मी खरंच मनाला समजावलं. राहू दे. त्या बाईला आई म्हणते, म्हणू दे. माझी नाही तर तिची, पण कोणाची तरी झाली. एका घरात मोठी होऊ दे, एका शाळेत शिकू दे. त्या दिवसापासून मी तिची खबर विचारणं सोडलं.

पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सानगडीच्या बाईचा फोन आला. तिच्या नवऱ्याला लकवा मारला होता. अर्धं अंग गेलं. शेती एकटीवर, म्हातारा अंथरुणाला. "बाई, माह्यानं आता नाई होत वं," ती फोनवर हमसून रडत होती. "पोरीले संस्थेवाले घेऊन गेले. जाताना रडलीबी नाई. माह्या पाया पडली अन् गाडीत जाऊन बसली. तुमी तिले घेऊन जा ना."

मी दुसऱ्याच दिवशी गेले. संस्थेत माणसं बदलली होती, नवी पोरसवदा बाई आली होती. तिला मी कोण ते पहिल्यापासून सांगावं लागलं. ती म्हणाली, बघू, तुमचं प्रकरण जुनं आहे, पुन्हा सारी चौकशी करावी लागेल. चौकशी होईपर्यंत पोरगी तुमसरकडच्या एका घरी गेली. तिथून आणखी एका घरी. ती घरं मी पाहिली नाहीत. तिथं काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही, आणि पोरीनंही कधी सांगितलं नाही.

आणि एका दिवशी अंगणवाडीत लेकरांना खिचडी वाढताना फोन आला. "तुम्ही अजून ठेवायला तयार आहात का?" माझ्या हातातला डाव खाली पडला. तयार आहात का म्हणे!

नवऱ्यानं सुट्टी टाकून खोलीला चुना मारला. खाट पुसून जागेवर सरकवली. शेजारीण विचारायला आली तर मी तिला अंगणातूनच ओरडून सांगितलं, माझी पोरगी येऊन राहिली. पुण्याहून मुलाचा फोन आला, "आई, आता तरी राहील ना?" मी म्हणाले, आता कोण नेते पाहतेच मी.

ती आली तेव्हा बारा वर्षांची होती. अंगणात उभी राहिली. पिशवीची जागा आता चेनच्या बॅगेनं घेतली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि वाट पाहिली, तशीच, मंडईत पाहिली होती तशी. मी हात जोडले आणि मोठ्यानं, साऱ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "जय भीम!"

"जय भीम," ती म्हणाली. शाळेत हजेरी देतात तसं.

चपला कुठं ठेवायच्या ते तिनं विचारलं. पाण्याचा पेला कोणता वापरायचा ते विचारलं. टॉवेल कोणता, झोपायचं कुठं, दिवा कधी मालवायचा. या घरात ती दोन वर्षं नाचली होती बाप्पा, भिंतीवर तिनं कोळशानं काढलेल्या कोंबड्या चुन्याखाली अजून दिसत होत्या. मी म्हणाले, "तुह्यंच घर आहे वं, कायले विचारते?" ती "हाव" म्हणाली आणि पुन्हा विचारलं, न्हाणीत बादली कोणती घ्यायची.

संध्याकाळी वंदनेला उभी राहिली. आमच्या ओठांकडे बघत बघत म्हणत होती, अर्धा शब्द आमच्या मागे. एकही चूक नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वांग्याची भाजी केली. वेड्या बाईचे वेडे चाळे. मला वाटलं, ताट ढकलेल. नाक तरी मुरडेल. मी तिच्यासमोर बसून राहिले. तिनं भाजी भातात कालवली आणि सारी खाल्ली. ताट चाटूनपुसून, धुऊन, पालथं घातलं.

"तुले वांगं आवडत नव्हतं ना वं?" मी विचारलं.

"सारं खातो मी," ती म्हणाली.

मग माझ्यानं राहवेना. मी तिचा हात धरला, जवळ बसवलं. "तू मले माय म्हणत होती," मी म्हणाले. "आठवते का? सायकलवर बसली होती, पाय चाकात गेला होता."

तिनं टाचेकडे पाहिलं. वण होता. "हाव का?" ती म्हणाली. "मंग माय म्हणतो." आणि लगेच, त्याच दमात, "माय, भांडे घासून टाकू का?"

इतक्या लवकर म्हणाली. क्षणभरही थांबली नाही. मी ज्या शब्दासाठी आखाडापासून दिवाळीपर्यंत वाट पाहिली होती, तो तिनं असा काढून दिला, मागितला म्हणून. नवरा दाराशी उभा होता. पोरीनं त्याच्याकडे बघून विचारलं, "यायले काय म्हणू? बाबा का?" त्यानं मान हलवली आणि बाहेर निघून गेला. मी त्याला लवकर आत बोलावलं नाही.

नंतरचे महिने तिनं मला कधी त्रास दिला नाही. वर्गात पहिली-दुसरी यायची. सांगितलेलं ऐकायची, न सांगितलेलंही करायची. शेजारीण म्हणायची, भाग्यवान आहे तू, आमच्या पोट्ट्या पाहा. आणि मी वाट बघत होते की ती दार आपटेल, रुसेल, मला उलट बोलेल, निदान एकदा तरी म्हणेल की मला नाही खायचं. मी मुद्दाम तिला लागेल असंही बोलून पाहिलं. ती "बरं" म्हणाली.

मग एका रविवारी दुपारी संस्थेची ती नवी बाई आली. काही काम नव्हतं, सहज पाहायला, नियमाप्रमाणे. सपरीत खुर्चीवर बसली. मी चहा टाकायला आत आले. बाईनं पोरीला हाक मारली, "कशी आहेस गं?" पोरगी "चांगली आहो" म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं, पाणी आणायला गेली.

चहा घेऊन मी बाहेर आले तर ती दारात उभी. अंगावर बाहेर घालायचा ड्रेस, वेणी घातलेली, पायात चपला. हातात चेनची बॅग, भरलेली, चेन लावलेली. तोंडावर काही नाही, ना राग, ना रडणं.

"येतो माय," ती म्हणाली आणि माझ्या पाया पडायला वाकली.

मी चहा तसाच खाली ठेवला आणि तिचे खांदे धरले. "कोठी जाऊन राहिली वं? कोणी नेऊन नाई राहिलं तुले! बाई सहज आली, सहज! तू इथंच राहाशीन, ऐकून राहिली का?" बाईही घाबरून उभी राहिली, नाही गं नाही, मी फक्त बघायला आले म्हणाली.

पोरीनं आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहिलं. आनंद झाला असं काही दिसलं नाही.

"बरं," ती म्हणाली. चपला काढून तिनं जागेवर ठेवल्या आणि बॅग आत नेली. कपडे काही तिनं बाहेर काढले नाहीत. बॅग तशीच भरलेली खाटेखाली सरकवली, पुढच्या वेळेसाठी.